सत्तेचाळीस कागद

फळ्यावर चित्र काढून दाखवायची वेळ आली की तो उजवं मनगट डाव्या हातात धरायचा आणि म्हणायचा, "माफ करा हं, जुनं दुखणं आहे. पंचवीस वर्षं पेन्सिल घासलीय या हाताने." मनगटावर कातडी रंगाचा लवचिक पट्टा असायचा. मुलांना त्या पट्ट्याबद्दल आदर वाटायचा. दुखणं मात्र कधीच नव्हतं. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याने तो पट्टा औषधाच्या दुकानातून स्वतः विकत आणला होता.

वर्गात त्याला सगळे 'सर' म्हणत. त्याआधी, तो ज्या स्टुडिओत वाढला तिथे, त्याचं नाव होतं खोडरबर. आपणही त्याला तेच म्हणू, कारण ते नाव त्याने कमावलेलं होतं.

तो स्टुडिओ लहान होता. दात कसे घासावेत हे मुलांना शिकवणाऱ्या फिल्म आणि फुटकळ जाहिराती असं तिथलं काम. एका लांबट खोलीत बारा टेबलं, प्रत्येकाच्या मधोमध दुधी काच आणि काचेखाली ट्यूबलाइट. काचेच्या कडेला तीन खुंट्यांची पट्टी असायची, कागदांना तीन भोकं पाडलेली असायची. कागद खुंट्यांवर बसवला की कालचं चित्र आजच्या चित्राखालून दिसायचं आणि रेघ एक केसभरही इकडेतिकडे होत नसे. हालचालीतले मुख्य टप्पे मोठे चित्रकार काढायचे. एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत माणूस कसा पोचला ती मधली चित्रं भरायची सहायकांनी. खोडरबर सहायक होता. कच्च्या रेघा पुसून पक्क्या करणं हेही त्याचंच काम, त्यामुळे शर्टावर कायम रबराचा चुरा. जेवायला बसला की ताटाशेजारीही थोडा सांडायचा. त्याची रेघ मात्र दोऱ्यासारखी एकसारखी. ती बघून मालकसुद्धा मान हलवायचे.

तो ज्यांचा सहायक होता, त्यांना सगळे ताई म्हणत. त्याच्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठ्या. ब्लेडने पेन्सिलीला लांबलचक टोक काढायची त्यांची सवय होती, आणि बोलणं कमी. एकदा गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात आली. म्हातारी खुर्चीतून उठते, एवढंच काढायचं होतं. ताईंनी चार दिवस घरी आपल्या आईला उठताना-बसताना पाहिलं आणि मग तेरा कागद काढले. म्हातारी आधी जमिनीकडे बघते. मग हात गुडघ्यावर ठेवते. पुढे झुकते, अर्धी उठते आणि परत धपकन खाली बसते. थोडं थांबते. कुणी बघितलं तर नाही ना, असं आजूबाजूला पाहते. आणि दुसऱ्यांदा उठते. तेरा कागद ताईंचे, मधले सत्तेचाळीस खोडरबराचे. सगळे मिळून सहा सेकंद.

"ती परत खाली का बसते, ताई?" त्याने तेव्हा विचारलं होतं.

"उठायचं ठरवणं आणि उठणं यांच्यात वेळ जातो," ताई म्हणाल्या. "आधी तो वेळ काढ. बाई नंतर."

मलमवाल्यांना शॉट आवडला नाही. दुखणं इतकं खरं दाखवलंत तर आमच्या मलमावर कोण विश्वास ठेवणार, असं त्यांचं म्हणणं. त्या जागी नाचणारी म्हातारी आली आणि साठ कागदांचा गठ्ठा कपाटात गेला. पुढच्या वर्षी ताईंची आई अंथरुणाला खिळली. तिचं करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ताईंनी नोकरी सोडली. काही दिवस फोन येत-जात राहिले, मग तेही थांबले.

संगणक आले तेव्हा बाकीचे चित्रकार नाकं मुरडत होते. खोडरबर मात्र सगळ्यांच्या आधी शिकला. कागद स्कॅन करायचा, रेघ साफ करायची, रंग भरायचा, मागचं चित्र जोडायचं, यात त्याचा हात बसला. तरीही स्टुडिओ टिकला नाही. बंद व्हायच्या आठवड्यात कपाटं रिकामी करून रद्दीचे ढीग लावले, त्यात तो गठ्ठा होता. त्याने तो उचलून घरी आणला. बायकोला दाखवला. "हे ताईंचं काम बघ. हे फेकवत नाही," असं तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. पुढे महिनाभर संध्याकाळी बसून त्याने ते साठही कागद स्कॅन केले, डाग काढले, म्हातारीला निळा स्वेटर दिला, खिडकीतून तिरपा उजेड पाडला. आयुष्यातलं ते एकच काम त्याने कुणीही सांगितलेलं नसताना केलं होतं. तोवर सगळं स्वच्छ होतं.

मग त्या संस्थेतली मुलाखत आली. अ‍ॅनिमेशन शिकवणारी खाजगी संस्था, दोन मजले, काचेचं दार. मुख्याध्यापिकाबाईंनी शॉट तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हे तुमचं?"

"हो," खोडरबर म्हणाला.

त्या एका शब्दात त्याच्या लेखी सत्तेचाळीस कागद होते, महिन्याभराच्या संध्याकाळी होत्या. पण बाईंनी विचारलं होतं ते त्याबद्दल नव्हतं, हे त्यालाही कळलं होतं. नंतर सांगू, नोकरी पक्की झाली की सहज बोलता बोलता सांगू, असं त्याने ठरवलं. नोकरी पक्की झाली आणि ते सहज बोलणं काही निघालं नाही.

शॉट संस्थेच्या माहितीपुस्तिकेत छापला गेला. म्हातारी अर्धी उठलेली, खाली त्याचं नाव. ती पुस्तिका त्याने घरी आणली तेव्हा बायकोने चष्मा लावून ती वाचली. "ताईंचं नाव छापायचं राहिलं वाटतं," ती म्हणाली.

"जागा नव्हती," तो म्हणाला.

बायकोने पुस्तिका मिटून ठेवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तिने काढला असता तर बरं झालं असतं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती, तिने ती पुस्तिका शाळेत नेऊन सगळ्या वर्गाला दाखवली.

अशी नऊ वर्षं गेली. प्रत्येक तुकडीच्या पहिल्या तासाला तो शॉट लागायचा. वजन म्हणजे काय, हालचालीआधीची तयारी म्हणजे काय, थांबण्यात किती गंमत असते, हे तो उत्तम समजावून सांगायचा. सगळी वाक्यं ताईंची. मुलं भारावून जायची. कुणी "सर, काढून दाखवा ना" म्हटलं की पट्ट्याचं मनगट पुढे यायचं.

दहाव्या वर्षी संस्थेने मोठ्यांसाठी दुपारचा वर्ग काढला. निवृत्त पोस्टमन, एक नर्स, दोन गृहिणी, एक शिंपी असे अकरा जण. पहिल्या दिवशी खोडरबर वर्गात शिरला. तिसऱ्या बाकावर पांढऱ्या केसांची एक बाई ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होती. लांबलचक टोक. तो दारातच थांबला.

ताईंनी वर पाहिलं. ओळखीचं हसू चेहऱ्यावर आलं, पण वर्ग भरलेला होता म्हणून त्या नुसत्या म्हणाल्या, "नमस्कार, सर."

पहिला धडा ठरलेला होता. खोडरबराने प्रोजेक्टरकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज हा बिघडलाय." पुढच्या तासालाही बिघडलेला होता. तास संपला की तो पिशवी उचलून मागच्या जिन्याने निघून जायचा. पन्नाशी उलटलेला माणूस, पण आडबाजूने पळताना शाळेतल्या उनाड पोरासारखा दिसायचा, आणि तसं दिसतंय हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

तिसऱ्या तासाला मुख्याध्यापिकाबाई वर्ग बघायला आल्या. "काय मंडळी, सरांची खुर्चीतली म्हातारी पाहिलीत की नाही?" सगळ्यांनी नाही म्हटलं. "अरेच्चा! पहिल्याच दिवशी दाखवतात की!" बाईंनी स्वतःच बटण दाबलं. प्रोजेक्टर तत्काळ सुरू झाला.

म्हातारी उठू लागली. खोडरबर भिंतीला टेकून उभा होता. त्याने पडद्याकडे पाहिलं नाही, ताईंकडेही नाही. शिंप्याच्या चपलांकडे पाहत राहिला.

"सर, ही आधी परत खाली का बसते?" पोस्टमनने विचारलं. "पहिल्यांदाच उठवली असती तर कागद तरी वाचले असते!" वर्ग हसला. बाईही हसल्या.

उत्तर देणं भाग होतं. त्याला दुसरं उत्तर येतच नव्हतं. "उठायचं ठरवणं आणि उठणं यांच्यात वेळ जातो," तो म्हणाला. "म्हणून आम्ही—" असं तो म्हणणार होता. पण नऊ वर्षांची सवय जिभेला होती. "म्हणून मी आधी तो वेळ काढला."

बोलून गेल्यावर त्याने ताईंकडे पाहिलं. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या.

तास संपल्यावर त्या टेबलाशी आल्या. त्याला वाटलं, आता. त्या म्हणाल्या, "सर, तो लेअर की काय म्हणता, चित्राचा नवीन थर, तो कसा उघडायचा? माझं सगळं एकातच जातंय." त्याने दाखवलं. तीनदा चुकलं. त्या "कळलं, आभारी आहे" म्हणून निघून गेल्या. खोडरबर स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभा राहिला. कुणी आत आलं की तोंडावर पाणी मारायचा.

घरी तो ताटातला भात नुसता चिवडत बसला. "काय झालंय?" बायकोने विचारलं.

"ताई वर्गात आल्यात."

"शिकवायला?"

"शिकायला."

बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. "आणि तुम्ही त्यांचे सर," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

दोन दिवस त्याने ताप आल्याचं कळवलं. परत गेला तेव्हा ताई आल्या नव्हत्या. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची मग इतकी शरम वाटली की तास त्याने अर्ध्यावर सोडला. कार्यालयातल्या यादीतून ताईंचा पत्ता उतरवून घेतला आणि रविवारी सकाळी तो तिथे गेला. पहिला मजला, खाली चष्म्यांचं दुकान. जिन्यात तो काय बोलायचं ते घोकत होता. चार वाक्यं तयार केली होती.

दार उघडलं. "ये रे, खोडरबर," ताई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्याला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. चारही वाक्यं जागच्या जागी गळाली. तो दारातच उभा राहून रडायला लागला. "आत ये आधी," ताई म्हणाल्या. "शेजारी बघतायत. त्यांना वाटेल, मीच काहीतरी केलं."

खोलीत खिडकीशी एक टेबल, त्यावर जुनी दुधी काच. भिंतीला लागून गठ्ठेच गठ्ठे. आई अंथरुणावर होती त्या सगळ्या वर्षांत ताई तिच्याशेजारी बसून काढत राहिल्या होत्या. चौदा महिन्यांपूर्वी आई गेली. आता हे कागद हलताना बघायचेत, त्यासाठी संगणक शिकायचा, म्हणून त्यांनी वर्गाला नाव घातलं होतं.

"मी चोरी केली, ताई."

"केलीस," ताई म्हणाल्या. साडेदहा वाजले असं सांगावं तशा.  "मला वाटलं होतं, तो गठ्ठा कधीच रद्दीत गेला. त्या दिवशी पडद्यावर एकदम आईच आली. माझ्याकडे तिचा एकही व्हिडिओ नाही रे. आजारी माणसाचा कोण काढतं? आणि ती तिथे उठत होती. गुडघ्यावर हात ठेवून, अगदी तशीच." त्यांनी डोळे पुसले. "त्यानंतर तू 'मी' म्हणालास. मला काय वाटावं तेच कळेना. घरी येऊन तापाने पडले. खऱ्या तापाने."

खोडरबर खाली बघत राहिला. त्या ओरडतील, दार दाखवतील, याची त्याने तयारी केली होती. याची केली नव्हती.

"स्वेटर निळा का केलास?" ताईंनी विचारलं.

"बरा दिसतो म्हणून."

"तपकिरी होता. कोपरावर उसवलेला."

"बदलतो."

"ते बघू. हाताला काय झालंय?"

त्याने पट्ट्याकडे पाहिलं. ताईंपुढे नवीन थाप मारायचं त्राण नव्हतं. "काही नाही," तो म्हणाला, आणि पट्टा काढला. खालची कातडी पांढरी पडली होती, मनगटाभोवती कंकणासारखी.

"मग बस. म्हातारी उठवून दाखव."

तो काचेपाशी बसला. दीड तास काढत होता. रेघ अजूनही दोऱ्यासारखी यायची. ताईंनी कागद बोटांच्या फटीत धरून फडफडवले आणि पाहिले. "हिला वरून कुणीतरी उचलतंय," त्या म्हणाल्या. "ही स्वतः उठत नाहीये. फुगा झालाय हिचा." त्यांनी कागद खाली ठेवले. "चल, चेंडूपासून सुरू करू."

असं एक्कावन्नाव्या वर्षी खोडरबर चेंडू काढायला शिकला. दर रविवारी सकाळी. चेंडू पडताना लांबतो, आपटला की चेपतो, वर जाताना मंदावतो. त्याच्या पहिल्या तुकडीची मुलं एव्हाना मोठमोठ्या ठिकाणी कामं करत होती, आणि तो रबरी चेंडू आणि लोखंडी गोळा वेगळे दिसावेत म्हणून रविवारमागून रविवार झगडत होता. पिठाची पिशवी उडी मारते, हे काढायला तर महिना गेला. घरी जाताना तो कागद शर्टाच्या आत लपवून न्यायचा, ओळखीचं कुणी भेटलं तर दिसू नयेत म्हणून.

बदल्यात तो ताईंना संगणक शिकवायचा. त्यांना टॅबलेटवर, म्हणजे पडद्यापासून वेगळ्या पाटीवर, चित्र काढणं जमेना. "हात इथे आणि डोळे तिथे! माणसाने तिरळं व्हायचं का?" पण खालचं चित्र फिकट दिसण्याची सोय त्याने दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "अगं बाई, ही तर आपलीच काच!" एकदा त्याने दाखवलं की दोन टप्पे दिले तर मधली चित्रं यंत्रच भरतं. ताईंनी तो तुकडा दोन-तीनदा चालवून पाहिला. "सगळ्या कागदांना सारखाच वेळ वाटून देतंय हे," त्या म्हणाल्या. "पंगतीत वाढल्यासारखं. कुठे रेंगाळायचं, कुठे घाई करायची, याला माहीतच नाही." मग म्हणाल्या, "तू तसा भरायचा नाहीस. एकोणिसावा कागद आठवतो? हात गुडघ्यावरून घसरतो तिथे बोटं जराशी पसरलीत. ते मी सांगितलं नव्हतं."

त्याला आठवत नव्हतं. "चुकून झालं असेल."

"असेल. चांगली चूक होती."

ते ऐकून खरं तर त्याला बरं वाटायला हवं होतं. पण त्याच्या मनात आलं, आपण साठ कागदांवर हक्क सांगितला, आणि जो एक कागद खरोखर आपला होता तो आपल्याला ओळखूही आला नाही.

वर्गात सांगायचं, हे त्याचं त्यानेच ठरवलं होतं. ताईंनी एका शब्दाने सुचवलं नव्हतं. एका गुरुवारी तो उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. तो खुर्चीचा शॉट मी एकट्याने केलेला नाही. आपल्या वर्गातल्या या ताईंनी आणि मी मिळून केला होता."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. पोस्टमन तर उठून उभा राहिला. खोडरबर हसला. त्याला वाटलं, झालं. मग त्याने ताईंचा चेहरा पाहिला.

बाहेर व्हरांड्यात ताई त्याची वाट बघत होत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या चिडल्या होत्या. "टाळ्या निम्म्या वाटून घेतल्यास ना?"

"ताई, मी सांगितलं तरी—"

"पहिल्यांदा तू घेतलंस तेव्हा मी नव्हते. मला माहीतही नव्हतं. आज मी समोर बसले होते, आणि माझ्यादेखत तू उदार झालास. माझ्याच शॉटमध्ये मला जागा दिलीस."  "रविवारी येऊ नकोस."

ती लाज आधीच्या सगळ्या लाजेहून वाईट होती. नऊ वर्षांचं खोटं त्याने भीतीपोटी चालवलं होतं. हे मात्र धीर एकवटून, सगळ्यांसमोर, चांगुलपणाचं सोंग घेऊन बोलला होता. रविवारी सकाळी तो घरीच खुर्चीत बसून राहिला. बायकोने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. ती म्हणाली, "एकदा संपवून टाका हो. थोडं थोडं सांगितल्याने कमी नाही होत ते."

सोमवारी तो मुख्याध्यापिकाबाईंकडे गेला आणि उभ्यानेच सगळं बोलला. बाई आधी चकित झाल्या, मग त्यांनी दार लावून घेतलं. "अहो सर, दोन आठवड्यांवर प्रवेश आलेत. पुस्तिका छापून आल्यात. आपण 'विशेष सहकार्य' म्हणून त्यांचं नाव पुढच्या वर्षी टाकू. वर्गात कशाला?"

"वर्गातच खोटं बोललो म्हणून," तो म्हणाला.

त्याने ते तीनदा सांगितलं. दुपारच्या वर्गाला, मग नेहमीच्या दोन तुकड्यांना. "शॉट ताईंचा आहे. मी त्यांचा सहायक होतो. मधली चित्रं भरली आणि नंतर रंगवली. तुम्हाला शिकवलेली वाक्यंही त्यांचीच. माझ्या हाताला काहीही झालेलं नाही." तिसरी वेळ सगळ्यात अवघड गेली, कारण तोवर बातमी फुटली होती आणि मुलं ऐकायला नाही, बघायला आली होती. एक मुलगी त्याच्या बोलण्याच्या मधेच उठून गेली. मागून कुणीतरी मनगट धरून कण्हल्याचा आवाज काढला, आणि हशा पिकला. दुपारच्या वर्गात पोस्टमनने सरळ विचारलं होतं, "म्हणजे सर, तुम्हाला चित्र काढता येत नाही?"

"शिकतोय."

"कुणाकडे?"

"यांच्याकडे." त्याने ताईंकडे हात केला. ताईंनी मान वर केली नाही.

मुलीला सांगणं राहिलं होतं. ती आता वीस वर्षांची होती, कॉलेजात होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "मी शाळेत सगळ्यांना दाखवलं होतं, बाबा," एवढंच म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. वर्गातल्या हशापेक्षा ते वाक्य त्याला पुढे कितीतरी दिवस पुरलं.

बाईंनी त्याला काढून टाकलं नाही, पण शिकवणं काढून घेतलं. संगणकाची खोली सांभाळायची, स्कॅनिंग बघायचं, मुलांचं काही अडलं तर मदत करायची. छापून आलेल्या पुस्तिकांवर ताईंच्या नावाची चिठ्ठी चिकटवायचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलं. कार्यालयाच्या कोपऱ्यात बसून दोन दिवस तो आपलं नाव झाकत होता. येणारे-जाणारे बघत होते. शिपाई म्हणाला, "मी करतो, सर, द्या इकडे." तो नको म्हणाला. गोंद बोटांना लागून वाळायचा आणि पापुद्रे निघायचे.

तिसऱ्या रविवारी ताईंचा फोन आला. "माझा स्कॅनर कागद खातोय. येतोस का?" तो गेला. झाल्या गोष्टीबद्दल दोघंही बोलले नाहीत. स्कॅनर दुरुस्त झाल्यावर ताईंनी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. "पिठाची पिशवी कुठवर आली होती?"

बाईंनी ताईंना शिकवायला यायची गळ घातली. आधी माझा अभ्यासक्रम पुरा होऊ दे, असं ताई म्हणाल्या, आणि पुरा झाल्यावरच आठवड्यातून दोन तास येऊ लागल्या. त्या तासांना खोडरबर शेवटच्या बाकावर बसायचा, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांमध्ये. जुनी मुलं सवयीने त्याला "सर" म्हणत आणि मग गडबडत. नव्यांना कुणीतरी सगळं आधीच सांगितलेलं असायचं. ते सांगणं थांबणार नव्हतं, आणि थांबावं असं म्हणायचा हक्क त्याला नव्हता.

दोन वर्षांनी त्याने पहिला स्वतःचा शॉट पुरा केला. तिकिटाच्या खिडकीपाशी रांगेत उभा असलेला माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो. चार सेकंद. ताईंनी तो पाहिला. "पाय अजून जमिनीला नीट टेकत नाहीत. पण खांदा छान पडलाय." बस. त्याने वहीत तारीख घालून दोन्ही वाक्यं लिहून ठेवली.

त्याच वर्षी ताईंची फिल्म झाली. अंथरुणाशेजारी बसून काढलेल्या कागदांची, सात मिनिटांची. संस्थेच्या सभागृहात दाखवली. खोडरबराची बायको आणि मुलगी पुढे बसल्या होत्या, तो मागे दाराशी. शेवटी नावं आली, त्यात त्याचंही होतं: स्कॅनिंग आणि रंग. टाळ्या सुरू झाल्या तसा तो दिवे लागायच्या आत बाहेर पडला आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळाने फोन वाजला. "कुठे गेलास?" ताईंनी विचारलं.

"बाहेर. लाज वाटली."

"कशाची? नाव तर खरं होतं."

"खरं होतं म्हणूनच असेल," तो म्हणाला. "सवय नाही."

 पलीकडे माणसांचा गलबला ऐकू येत होता. "तुझी मुलगी शोधतेय तुला," त्या म्हणाल्या. "आणि उद्या दहाला ये. दुसऱ्या फिल्मसाठी कोरे कागद आणलेत, त्यांना भोकं पाडायचीत."